जुने इंग्रजी शब्द, त्यांचे सांधे व त्यांचे मूळ अर्थ

इंग्रजी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यास कठीण शब्द फारसा फसवीत नाहीं. फसवितो तो सोपा शब्द. कठीण शब्द आला म्हणजे विद्यार्थी कोश उघडतो, वडील मंडळीस विचारतो, निदान त्याखालीं पेन्सिलीनें रेघ तरी ओढतो. सोपा शब्द आला म्हणजे ओळखीच्या माणसाकडे पाहून मान हालवावी तशी मान हालवून तो पुढें जातो. परंतु जुन्या पुस्तकांत हा ओळखीचा माणूस पुष्कळदा आपला ओळखीचा नसतोच. चेहरा नातवाचा असतो आणि माणूस आजोबा असतो. नातवास जें विचारावयाचें तें आपण आजोबांस विचारतों, आणि उत्तर भलतेंच मिळतें.

हा प्रश्न नुसत्या परीक्षेच्या गुणांचा असता तर आम्ही त्यासाठीं वार्षिक अंकाचीं पानें अडविलीं नसतीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं आजोबा-पणजोबांच्या वेळचें इंग्रजी बायबल आहे. तें बहुधा इ. स. १६११ सालीं राजा पहिला जेम्स याच्या कारकीर्दींत सिद्ध झालेलें भाषांतर होय. सुमारें ५० विद्वानांनीं वेस्टमिन्स्टर, ऑक्सफर्ड व केंब्रिज या तीन ठिकाणीं सहा मंडळ्या करून तें तयार केलें. त्याची भाषा गंभीर व मधुर आहे यांत शंका नाहीं. ती छापली गेली तेव्हांच थोडी जुनी वाटत होती, व आज तर तिला ४०० वर्षें उलटून गेलीं. अशा ग्रंथांतील एखाद्या शब्दाचा अर्थ उलटा घेतला तर गुण जातात एवढेंच नव्हे. धर्माचा अर्थच उलटा होतो. म्हणून अशा कांहीं शब्दांची ओळख येथें करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला शब्द ‘लेट’. याचा अर्थ करूं देणें, हें पांचवीतला मुलगाहि सांगेल. आतां रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायांत पौल म्हणतो कीं, तुमच्याकडे येण्याचें मीं कितीदां तरी मनांत आणिलें; परंतु आजपर्यंत मला ‘लेट’ करण्यांत आलें. विद्यार्थी येथें थबकतो. येऊं दिलें होतें, तर मग पौल गेला कां नाहीं? उत्तर असें कीं, जुन्या इंग्रजींत दोन निराळीं क्रियापदें होतीं. एकाचा अर्थ सोडणें, मोकळीक देणें. दुसऱ्याचा अर्थ अडविणें, खोळंबा करणें. हें दुसरें क्रियापद उशीर या अर्थाच्या ‘लेट’ शब्दाच्या गोत्रांतलें होय. काळाच्या ओघांत दोहोंचा उच्चार एक झाला, आणि एकाच तोंडानें होय व नाहीं म्हणणारा शब्द भाषेंत फार दिवस टिकणें शक्य नसल्यामुळें अडविणारा ‘लेट’ मागें पडला. तरी तो अगदींच मेला नाहीं. टेनिसमध्यें पहिला टोला मारतांना चेंडू जाळ्यास घासून पलीकडे योग्य जागीं पडला तर पंच ‘लेट’ म्हणून ओरडतो; तो हाच. आणि ज्यांच्या घरीं भारत सरकारचा पासपोर्ट असेल त्यांनीं त्यांतील विनंतीचा मजकूर वाचून पाहावा. धारकास कोणत्याहि अडथळ्यावांचून जाऊं द्यावें असें तेथें म्हटलें आहे, व अडथळा या अर्थीं जे दोन शब्द जोडीनें आले आहेत त्यांतील पहिला ‘लेट’ हाच आहे.

‘प्रिव्हेंट’ हा शब्द याहून घातक आहे, कारण तेथें विद्यार्थी थबकतहि नाहीं. आज त्याचा अर्थ प्रतिबंध करणें. मूळ लॅटिन शब्द पाहिला तर ‘पुढें’ व ‘येणें’ असे दोन अवयव त्यांत दिसतात. म्हणजे कोणाच्या आधीं जाणें, कोणास मागें टाकणें. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चवथ्या अध्यायांत पौल शोकाकुल मंडळीचें समाधान करीत आहे. प्रभूच्या आगमनसमयीं जे जिवंत असतील ते निजलेल्यांच्या पुढें जाणार नाहींत, असें त्याचें म्हणणें. आजच्या अर्थानें वाचणारास वाटतें कीं, जिवंत माणसें मेलेल्यांस उठण्याची मनाई करणार नाहींत. जिवंतांस अशी मनाई करण्याचा अधिकार कोणीं दिला होता, हा प्रश्न त्याच्या मनांत येत नाहीं. तो वाचून मोकळा होतो. ज्या घरांत नुकतेंच कोणी प्रभूमध्यें निजलें आहे त्या घरीं हा उतारा वाचला जातो. मृतांचा मान पुढचा, हें जें तेथील सांत्वन तेंच या एका शब्दामुळें हरवून जातें.

‘सफर’ या शब्दाविषयीं थोडक्यांत सांगतों. लहान मुलांस मजकडे येऊं द्या असें प्रभूनें सांगितलें, तेथें जुन्या इंग्रजींत येऊं देण्याबद्दल ‘सफर’ हा शब्द आहे. दुःख सोसणाऱ्या बालकांनीं मजकडे यावें, असा त्याचा अर्थ करणारे विद्यार्थी आम्हांस दरवर्षीं भेटतात. अर्थ दयाळूपणाचा आहे, पण चूक आहे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ खालून उचलून धरणें. उचलून धरणें म्हणजे सोसणें, आणि जें आपण सोसून घेतों तें एका अर्थीं होऊं देतों, अशी ही चाल आहे. पुढें होऊं देण्याचा अर्थ गळाला व सोसणें तेवढें राहिलें.

मार्काच्या सहाव्या अध्यायांत हेरोदियेची मुलगी योहानाचें मस्तक मागते. त्या एका वाक्यांत दोन खड्डे आहेत. ती तें ‘चार्जर’मध्यें मागते. आजच्या मुलांस चार्जर म्हणजे काय हें सांगावयास नको. रात्रीं अंथरुणाजवळ तो नसेल तर त्यांस झोंप येत नाहीं. पण १६११ सालीं चार्जर म्हणजे पदार्थ भरून वाहून नेण्याचें मोठें तबक. भार घालणें या क्रियापदापासूनच दोन्ही निघाले. तबकांत अन्नाचा भार घालीत, यंत्रांत विजेचा घालतात. त्याच वाक्यांत ती मस्तक ‘बाय-अँड-बाय’ मागते. आज याचा अर्थ कांहीं वेळानें, सवडीनें असा होतो. सवडीनें द्या असें ती मुलगी खचित म्हणाली नाहीं. राजाचें मन पालटण्यापूर्वीं तिला तें हवें होतें. जुना अर्थ ताबडतोब असाच होता. ताबडतोबचा सवडीनें कसा झाला? मनुष्यस्वभावानें. आपल्याकडे ‘आत्तां येतों’ असें म्हणून गेलेला माणूस केव्हां येतो हें ज्यास ठाऊक आहे त्यास अधिक सांगणें नको. इंग्रजींतील ‘सून’ व ‘प्रेझेंटली’ या शब्दांसहि हाच रोग जडला. तेहि एके काळीं तात्काळ या अर्थाचे होते.

आतां ज्या एका शब्दासाठीं माणसें एकमेकांवर तुटून पडलीं, त्याकडे वळूं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आमच्या विद्यार्थ्यांस मराठींत तोंडपाठ असतो, व त्यांतील मुख्य शब्द प्रीति हा आहे. १६११ च्या इंग्रजींत तेथें ‘चॅरिटी’ आहे. आज चॅरिटी म्हणजे दानधर्म. हा अर्थ घेऊन तिसरें वचन वाचावें. आपलें सर्वस्व दीनांस खाऊं घातलें, पण चॅरिटी नसली तर कांहीं लाभ नाहीं, असा त्याचा भाव आहे. सर्वस्वाचें दान केलें आणि दानधर्म मात्र नव्हता! असा विसंगत अर्थ निघाला कीं समजावें, शब्द जुना आहे आणि आपण त्यास नव्या कपड्यांत पाहत आहों. लॅटिन बायबलांत या ठिकाणीं ‘कारितास’ असा शब्द होता. त्याचा अर्थ प्रिय वाटणें, मोलाचें वाटणें. त्याच्यापासून चॅरिटी आला.

विल्यम टिंडल या विद्वानानें मूळ ग्रीकवरून नव्या कराराचें इंग्रजी भाषांतर केलें. इंग्लंडांत त्यास थारा मिळाला नाहीं म्हणून १५२४ सालीं तो देश सोडून गेला, व १५२६ सालीं जर्मनींतील वर्म्स शहरीं त्याचें पुस्तक छापून निघालें. त्यांत त्यानें चॅरिटी हा शब्द टाकून ‘लव्ह’ हा साधा शब्द घातला. आज हें वाचून कोणास कांहींच वाटणार नाहीं. त्या काळीं मात्र यावरून रण माजलें. सर थॉमस मोर या थोर पुरुषानें १५२९ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत टिंडलच्या ज्या शब्दांवर कडक आक्षेप घेतले त्यांत हा एक होता. चर्चबद्दल ‘काँग्रिगेशन’ घालणें व याजकवाचक रूढ शब्दाऐवजीं वडील या अर्थाचा शब्द योजणें हे दुसरे दोन. मोरचें म्हणणें असें कीं, लव्ह हा शब्द लोकांच्या तोंडीं कोणत्याहि आवडीसाठीं येतो. पवित्र प्रीति त्यांत मावत नाहीं. टिंडलचें म्हणणें असें कीं, मूळ ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ लोकांस कळला पाहिजे, आणि चॅरिटी म्हटलें कीं लोकांस भिक्षा घालणें आठवतें. दोघेहि पंडित होते व दोघेहि आपापल्या मताशीं प्रामाणिक होते. मोरचा १५३५ सालीं राजाज्ञेनें शिरच्छेद झाला. टिंडलला १५३६ सालीं ब्रसेल्सजवळ व्हिल्वोर्डे येथें गळा दाबून मारून जाळण्यांत आलें. कोणत्याहि बाजूच्या वाचकानें येथें मान लववावी, असें आम्हांस वाटतें. पुढें १६११ च्या भाषांतरकारांनीं टिंडलचे बहुतेक शब्द उचलले, पण या अध्यायांत मात्र चॅरिटीच ठेविला. १८८१ सालीं सुधारलेला इंग्रजी नवा करार निघाला तेव्हां ‘लव्ह’ परत आला. टिंडलचें म्हणणें मान्य होण्यास ३५५ वर्षें लागलीं.

मराठी वाचकास या बाबतींत एक मोठा लाभ आहे आणि तो त्यानें ओळखावा. इंग्रजी तें अस्सल व मराठी तें नक्कल, अशी एक समजूत आमच्या मुलांत बळावलेली असते. वास्तविक दोन्ही भाषांतरेंच होत. जेथें जुन्या इंग्रजीचा अर्थ झिजला आहे तेथें मराठी पुष्कळदा अधिक स्वच्छ बोलते. ‘मीट-ऑफरिंग’ हा जोडशब्द घ्या. लेवीयच्या दुसऱ्या अध्यायांत तो येतो. मीट म्हणजे मांस समजून मुलगा वाचूं लागतो, आणि पाहतो तों तेथें सपीठ, तेल व ऊद! मांसाचा तुकडाहि नाहीं. मराठींत सरळ ‘अन्नार्पण’ आहे. जुन्या इंग्रजींत मीट म्हणजे कोणतेंहि अन्न असाच अर्थ होता. मांसापुरता तो मागाहून आकसला. १८८५ सालच्या सुधारलेल्या जुन्या करारांत ‘मील’ म्हणजे पीठ हा शब्द घालून हा घोटाळा दूर केला गेला. तसेंच ‘कॉर्न’ या शब्दाचें. शिष्य शब्बाथ दिवशीं शेतांतून जातांना कणसें मोडीत चालले, या प्रसंगाचें चित्र काढावयास सांगितलें तर कांहीं मुलें मक्याचीं कणसें काढतात. मका अमेरिकेंतून आला. प्रभूच्या काळीं यहूदीयांत तो नव्हता. इंग्लंडांत कॉर्न म्हणजे धान्य, धान्याचा दाणा.

आतां आमच्या विषयाचा दुसरा भाग, म्हणजे सांधलेले शब्द, आपोआप पुढें आला आहे. सुटा शब्द बाजारांत हिंडतो, हातोहातीं झिजतो, अर्थ बदलतो. तोच शब्द दुसऱ्या शब्दाशीं जखडून ठेविला म्हणजे आपला जुना अर्थ सांभाळून बसतो. ‘स्वीट-मीट’ म्हणजे मिठाई. तींत मांस नाहीं. तेथें अन्न या अर्थाचा जुना मीट सुखरूप आहे. ‘बार्ली-कॉर्न’ म्हणजे जवाचा दाणा, मका नव्हे. हा दाणा इंग्रजांचें मापहि होता. तीन दाणे म्हणजे एक इंच. पायताणाच्या दुकानांत ज्यास आपण सात नंबर, आठ नंबर म्हणतों त्या इंग्रजी पद्धतीच्या नंबरांत एकेका नंबराचें अंतर अजूनहि एका जवाएवढें, म्हणजे एक-तृतीयांश इंच असतें. आपल्या जुन्या ग्रंथांतहि आठ यवांचें एक अंगुळ सांगितलें आहे. दोन दूरच्या देशांस एकाच धान्याचा दाणा मापासाठीं सुचला, याची आम्हांस मोठी मौज वाटते.

‘क्विक’ हा शब्द याहून बोलका आहे. आज तो जलद या अर्थीं चालतो. प्रेषितांच्या विश्वासांगीकारांत मात्र तो मृतांच्या जोडीस येतो, व तेथें त्याचा अर्थ जिवंत. प्रभु जलद चालणारांचा व मेलेल्यांचा न्याय करील असें नव्हे. हा जिवंत अर्थ ‘क्विक-सिल्व्हर’ मध्यें राहिला आहे. पारा तळहातावर घेतला तर धांवतो. म्हणून ती जिवंत चांदी. ‘क्विक-सँड’ म्हणजे पाय ठेवतांच हालणारी, गिळूं पाहणारी वाळू. कळीच्या चुन्यावर पाणी घातलें कीं तो फसफसतो व तापतो. म्हणून तो ‘क्विक-लाइम’. नखाखालच्या नाजूक मांसासहि इंग्रजींत क्विक म्हणतात, आणि तेथपर्यंत कापणें म्हणजे मनास खोल लागणें. आपण जिव्हारीं लागणें म्हणतों. जिव्हार शब्दांत जीव आहे, क्विक शब्दांतहि जीव आहे. इतकेंच नव्हे, तर आपला जीव व इंग्रजांचा क्विक हे एकाच अतिप्राचीन धातूपासून निघालेले भाऊ होत, असें भाषाशास्त्रज्ञ दाखवून देतात.

हे दोन शब्द जोडणारी जी आडवी रेघ तिला इंग्रजींत ‘हायफन’ म्हणतात व मराठींत संयोगचिन्ह म्हणतात. हायफन हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ ‘एकाखालीं’, एकत्र असा आहे. ग्रीक व्याकरणकार दोन शब्द एकत्र वाचावे हें सुचविण्यासाठीं त्यांच्या खालून एक वांकडी रेघ काढीत. आपल्या जुन्या मोडी व बाळबोध लिखाणांत अशीं चिन्हें नव्हतीं. मराठींतील विरामचिन्हें इंग्रजी अंमलांत, मुख्यत्वेंकरून मेजर कँडी यांच्या खटपटीनें, रूढ झालीं. आपणांस संयोगचिन्हाची निकड कमी भासली याचें कारण समास. दोन शब्द एकत्र आले कीं संस्कृत व मराठी त्यांस सरळ एका शिरोरेषेखालीं घालतात. इंग्रजी भाषा याबाबत सावध आहे. ती दोन शब्द आधीं शेजारीं बसविते. मग त्यांच्यांत रेघ घालते. आणि बरींच वर्षें एकत्र नांदले म्हणजे रेघ काढून एक करते. ‘टु-डे’ हा शब्द पाहावा. जुन्या इंग्रजींत ‘या दिवशीं’ असे हे दोन सुटे शब्द होते. १६११ च्या बायबलांतहि ते सुटेच छापले आहेत. पुढें त्यांत रेघ आली, व विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती टिकली. आमच्या ग्रंथालयांतील जुन्या इंग्रजी पुस्तकांत टु-डे, टु-मॉरो, टु-नाइट असें जें दिसतें तें मुद्रणदोष नव्हे. तें पाहून लाल शाईनें दुरुस्त्या करणाऱ्या अज्ञात विद्यार्थ्यास आमची विनंती आहे कीं, त्यानें हात आवरावा.

सांधे जोडण्यांत टिंडल मोठा कारागीर होता. हिब्रू भाषेंत जें सणाचें नांव आहे त्यासाठीं त्यानें ‘ओलांडून जाणें’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून ‘पास-ओव्हर’ हा शब्द योजिला. आपल्या मराठींतील ‘वल्हांडण’ याच घडणीचा आहे. कराराच्या कोशावरील झांकणास त्यानें लूथरच्या जर्मन शब्दावरून ‘मर्सी-सीट’ म्हटलें. मराठींत तें ‘दयासन’, आणि येथें आपला संधि इतका गुळगुळीत आहे कीं सांधा दिसतहि नाहीं. ‘शो-ब्रेड’ हीहि लूथरच्या धर्तीवरची. मराठींत ‘समक्षतेची भाकर’. लोकांचीं पापें शिरावर घेऊन रानांत सोडलेल्या बकऱ्यास त्यानें ‘स्केप-गोट’ असें नांव दिलें. स्केप म्हणजे निसटणें. आज वर्तमानपत्रांत हा शब्द विनाकारण दोष अंगीं येणाऱ्या माणसास लावतात, व लिहिणारांपैकीं अनेकांस लेवीयचा सोळावा अध्याय ठाऊकहि नसतो. ‘अटोनमेंट’ म्हणजे प्रायश्चित्त, या शब्दाची फोड ‘अॅट-वन-मेंट’ अशी करून दाखविली कीं विद्यार्थ्यांस तो उपदेशकाचा शाब्दिक खेळ वाटतो. तो खेळ नाहीं. एक असणें, समेटांत असणें, या दोन शब्दांस भाववाचक प्रत्यय लागूनच तो झाला, आणि टिंडलच्या लेखणीनें तो रूढ केला.

कित्येक सांधे तर इतके जुने आहेत कीं भाषेच्या जाणकारासच दिसतात. ‘लॉर्ड’ हा शब्द आपण प्रभु या अर्थीं नित्य उच्चारतों. त्याचें हजार वर्षांपूर्वींचें रूप पाहिलें तर ‘भाकरीचा राखणदार’ असे दोन शब्द त्यांत सांपडतात. ‘लेडी’ शब्दांत भाकरीचें पीठ मळणारी आहे. ज्याच्या घरची भाकरी खावयाची तो धनी. आपणहि धन्यास अन्नदाता म्हणत आलों. ‘गॉस्पेल’ शब्दांत देव हा शब्द आहे असें वाटतें, पण मूळचा तो ‘गुड’, म्हणजे शुभ. दुसरा अवयव वार्ता. म्हणजे आपलें ‘शुभवर्तमान’, अक्षरशः. ‘गुड-बाय’ मध्यें याच्या उलट झालें. तेथें गुड दिसतो, पण मूळचा देव आहे. ‘देव तुम्हांसंगें असो’ हें वाक्य घाईनें बोलतां बोलतां आकसलें व गुड-मॉर्निंगच्या संगतीनें त्याचा पहिला अवयव बदलला. ‘हॉलिडे’ म्हणजे पवित्र दिवस. सुट्टी लागली कीं त्यांतील पवित्रपणा कोणाच्या ध्यानांत राहतो? ‘कर्फ्यू’ हा शब्द दंग्याच्या दिवसांत आपल्याहि शहरांतून ऐकूं येतो. तो फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘विस्तव झांका’. मध्ययुगांत लांकडाचीं घरें असलेल्या गांवांत रात्रीं ठराविक वेळीं घंटा वाजे, आणि लोकांनीं चुलींतील विस्तव राखेखालीं झांकून निजावें असा नियम असे.

‘कट-पर्स’ म्हणजे खिसेकापू, पण जुन्या इंग्लंडांत लोक पैशाची पिशवी कमरपट्ट्यास दोरीनें टांगीत. चोर ती दोरी कापून पिशवी लांबवी. पुढें कपड्यास खिसे आले, आणि चोरहि काळाबरोबर सुधारून ‘पिक-पॉकेट’ झाला. आपल्या स्मृतिग्रंथांत अशा चोरास ‘ग्रंथिभेद’ म्हटलें आहे, कारण आपले लोक पैसा वस्त्राच्या गांठींत बांधीत. चोराच्या नांवावरून लोकांच्या पोशाखाचा इतिहास कळावा, ही मौजच आहे. ‘फोर्टनाइट’ शब्दांत चवदा रात्री आहेत; जुने जर्मानिक लोक काळ दिवसांनीं न मोजतां रात्रींनीं मोजीत, असें रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. आपण मात्र चवदांस पंधरवडा व सातांस आठवडा म्हणतों, कारण आपण या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही टोंकें धरून मोजतों.

अशी फोड करण्याचा एकदां नाद लागला कीं तो आवरत नाहीं, म्हणून येथें एक इशारा देणें अवश्य आहे. कानास गोड लागणारी व्युत्पत्ति खरी असतेच असें नाहीं. डॉक्टर जॉन्सनसारख्या महापंडितानें १७५५ च्या आपल्या कोशांत ‘बॉनफायर’चा पहिला अवयव ‘चांगला’ या अर्थाचा फ्रेंच शब्द समजला. पण पंधराव्या शतकांतील लेखांत तो ‘बोन-फायर’, म्हणजे हाडांची होळी, असा स्पष्ट आढळतो. जुना पुरावा असल्यावांचून शब्दाची फोड सांगूं नये. हाच पुरावा गोळा करण्यासाठीं एका मोठ्या कोशाचा जन्म झाला. १८५७ सालीं वेस्टमिन्स्टरचे डीन रिचर्ड ट्रेंच यांनीं लंडनच्या भाषाशास्त्र-मंडळापुढें इंग्रजी कोशांच्या उणीवा दाखवून दिल्या. प्रत्येक शब्द केव्हां जन्मला, त्याचे अर्थ कोणत्या क्रमानें पालटले, हें कोशानें दाखवावें असें त्यांचें म्हणणें. त्यांतून निघालेल्या कामाचे संपादक १८७९ पासून जेम्स मरे हे झाले. मरे हे शाळामास्तर होते. अंगणांत पत्र्याची एक खोली उभारून, देशोदेशींच्या वाचकांनीं पाठविलेल्या लक्षावधि चिठ्ठ्या त्यांनीं तींत लावून ठेविल्या. पहिला भाग १८८४ सालीं निघाला. मरे १९१५ सालीं वारले. कोश १९२८ सालीं पुरा झाला. त्यांत चार लाखांवर शब्द आहेत. आमच्या धंद्यांतला मनुष्य म्हणून त्यांच्याविषयीं आम्हांस जो आदर वाटतो तो पक्षपाताचा आहे, हें कबूल.

ज्या वर्षीं ट्रेंच यांचें व्याख्यान झालें त्याच १८५७ सालीं मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति निघाली. आमचे विद्यार्थी तो कोश वापरतात व वापरावाहि. परंतु मराठी शब्दापुढचें इंग्रजी जसेंच्या तसें निबंधांत उतरूं नये. त्यांतील इंग्रजीहि आतां दीडशें वर्षांहून अधिक जुनें आहे. आधीं मोल्सवर्थमध्यें मराठी शब्द पाहावा, मग त्यानें दिलेला इंग्रजी शब्द आजच्या कोशांत पाहावा, व दोहोंचा अर्थ जुळला तरच लेखणी उचलावी. जुन्या पुस्तकाच्या वाचनाचीहि हीच रीत. वाक्याचा अर्थ विसंगत लागला, किंवा संशय यावा इतका सोपा लागला, तर त्यांतला सर्वांत ओळखीचा शब्द कोशांत काढावा. इतिहासक्रमानें अर्थ देणाऱ्या कोशांत पहिला अर्थ सर्वांत जुना असतो. आजचा अर्थ हवा असेल तर खालीं यावें, १६११ चा हवा असेल तर वर थांबावें.

संयोगचिन्हाचें पुढें काय होणार असें वरच्या वर्गांतील विद्यार्थी विचारतात. २००७ सालीं ऑक्सफर्डच्या दोन खंडांच्या कोशाची सहावी आवृत्ति निघाली, तींत सुमारें १६,००० शब्दांतील ही रेघ काढून टाकण्यांत आली. कांहीं शब्द जुळून एक झाले, जसे ‘क्राय-बेबी’ व ‘लीप-फ्रॉग’. कांहींचे पुन्हा दोन झाले, जसे ‘आइस-क्रीम’ व ‘फिग-लीफ’, म्हणजे एदेन बागेंतील तें अंजिराचें पान. २०११ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या वृत्तसंस्थेच्या लेखनपद्धतींतून ‘ई-मेल’ मधली रेघहि गेली. ज्या शब्दास टु-डे प्रमाणें शतकें लागावयाचीं त्यास येथें थोडकींच वर्षें पुरलीं. ‘मदर-इन-लॉ’ मधील दोन रेघा मात्र अजून शाबूत आहेत.